जुने आणि हाताने घडवलेले दागिने ऑनलाइन विकताना या चुका टाळा

न्यू जर्सीला पाठवलेली चांदीच्या गोठांची, म्हणजे जाड बांगड्यांची, जोडी पाच आठवड्यांनी माझ्याकडे परत आली. जातायेताचा कुरिअरचा खर्च गेलाच, वर त्या ताईंचा मेसेज, "भाच्याच्या मुंजीत घालायचे होते हो." गोठांत काहीही खोट नव्हती. मी माप लिहिलं होतं २.४ आणि त्यांनी ते दोन पूर्णांक चार दशांश इंच असं वाचलं होतं.

त्या दिवसापासून मी प्रत्येक तक्रारीच्या वेळी आधी स्वतःची लिस्टिंग उघडून वाचते. दहापैकी आठ वेळा तक्रारीचं मूळ तिथेच सापडतं. एखादा आकडा अर्धवट असतो, एखादा शब्द सवयीने टाकलेला असतो. म्हणून हा लेख गिऱ्हाइकांकडून ऐकू येणाऱ्या वाक्यांच्या क्रमाने लिहिते आहे.

"बांगड्या घट्ट होतात"

बांगडीचं माप आपल्याकडे इंच आणि आण्यांत चालत आलं आहे. रुपयाचे सोळा आणे, तसे इंचाचे सोळा भाग. २.४ म्हणजे दोन इंच चार आणे, सव्वादोन इंच, म्हणजे ५७ मिलिमीटर आतला व्यास. २.६ म्हणजे ६० मिलिमीटर. २.८ म्हणजे अडीच इंच, ६३.५ मिलिमीटर. २.१० हे २.८ च्या पुढचं माप आहे, तरी दशांशाच्या सवयीने वाचणाऱ्याला ते २.४ पेक्षा लहान वाटतं. न्यू जर्सीच्या ताईंनी ६१ मिलिमीटर गृहीत धरले आणि त्यांच्या हाती ५७ चे गोठ पडले. चार मिलिमीटर म्हणजे बांगडी हाताच्या हाडांवर अडकायला पुरेसं अंतर आहे.

कासाराच्या दुकानात हा घोटाळा होत नाही, कारण तो हात दाबून बघतो. ऑनलाइन तो हात आपल्याला शब्दांनी बघायचा असतो. मी आता तिन्ही गोष्टी लिहिते: चालू माप, मिलिमीटरमध्ये आतला व्यास आणि हाताचा घेर. अंगठा करंगळीकडे दुमडून, पंजाच्या सर्वांत रुंद भागावरून दोरा फिरवायला सांगायचं. दोरा १८ सेंटिमीटर भरला तर २.४, १९ भरला तर २.६, २० भरला तर २.८. फिरकीच्या, म्हणजे उघडून घालायच्या पाटल्या-तोड्यांना हे लागू नाही. त्यांच्यासाठी मनगटाचा घेर विचारा.

कानानाकाचंही तसंच. जुन्या कुडीची दांडी आजच्या टॉप्सपेक्षा बरीच जाड असते, ती बंदुकीने टोचलेल्या बारीक भोकात जात नाही. दांडीची जाडी मिलिमीटरमध्ये द्या. फिरक्यांचे आटे हाताने पाडलेले असतात, त्यामुळे एका कुडीची फिरकी दुसरीला बसेलच असं नाही. जोडीतली फिरकी मूळची आहे की नंतर बसवलेली, हे सांगा. नथ आणि बुगडी टोचलेल्यासाठी आहे की चापाची, हे शीर्षकातच आलं पाहिजे. वर्णनाच्या चौथ्या ओळीपर्यंत लोक वाचत नाहीत.

"वजन एवढंच?"

जुन्या घरांतून दागिना येतो तेव्हा बरोबर बहुधा एक चिठ्ठी असते, "सव्वा तोळा, दोन गुंजा". ती जशीच्या तशी लिस्टिंगमध्ये टाकणं ही मोठी चूक. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. त्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. आजच्या पेढीवर तोळा म्हटलं की १० ग्रॅम धरतात. पाच तोळ्यांच्या चांदीच्या साखळीत एवढ्यावरूनच आठ ग्रॅमांची तफावत निघते आणि विकणारा खोटा ठरतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, काट्यावर ठेवलेल्या दागिन्याचा फोटो लावा आणि वजन फक्त ग्रॅममध्ये लिहा. चिठ्ठी मात्र फेकू नका. तिचा फोटो वेगळा लावला तर दागिन्याची गोष्ट कळते आणि लोकांना ती आवडते.

आता लाख. बोरमाळेचे मणी, साजाचे जवमणी पातळ पत्र्याचे असतात आणि आत लाख भरलेली असते. एकूण वजनात ती लाख धरली जाते. मणी न फोडता आतल्या धातूचं नेमकं वजन सांगता येत नाही, म्हणून "लाखेसह एकूण वजन" असे शब्द मी आवर्जून लिहिते. दागिना ओवलेला असेल तर दोरा, गोंडा, मोती यांचाही तसाच उल्लेख हवा.

कोल्हापुरी साज विकायला घेतलात तर पानड्या, म्हणजे त्यात ओवलेली छोटी पदकं, मोजा. परंपरेने साजाला २१ पानड्या असतात. जुन्या साजात दोनतीन हरवलेल्या किंवा नंतर करून घातलेल्या सापडतात. कमी असतील तर कमी लिहा. माझ्याकडचा १८ पानड्यांचा साज हरवलेल्या तिन्ही पानड्यांची नावं देऊन लावला होता, तो तीन दिवसांत गेला. घेणाऱ्या बाईंनी हरवलेल्या तीन कोल्हापूरच्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, कारागिराकडून करून घेतल्या आणि पुरा झालेला साज गळ्यात घालून फोटो पाठवला.

"हे खरंच शंभर वर्षांचं आहे का?"

इथे मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण या चुकीने नुसती ऑर्डर परत येत नाही. "अँटिक" हा शब्द आपण तीन अर्थांनी वापरतो. जुना दागिना, काळसर पॉलिश मारलेला नवा दागिना आणि जुन्या नमुन्यावरून केलेला नवा दागिना. जगभरच्या बाजारात वीसेक वर्षांपेक्षा जुन्या वस्तूला व्हिंटेज म्हणण्याचा आणि शंभर ओलांडलेल्या वस्तूलाच अँटिक म्हणण्याचा प्रघात आहे. काळं पॉलिश मारलेल्या नव्या ठुशीला "अँटिक ठुशी" म्हटलंत तर परदेशातला ग्राहक फसवणूक झाली असं समजतो, आणि त्याचं बरोबर आहे.

आणि दागिना खरोखर शंभर वर्षांचा असेल तर? १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार अशी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तूंची विक्री हा धंदा करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडचा परवाना लागतो आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. नाणीही या व्याख्येत येतात. राणीछाप रुपयांचा हार कितीही सुंदर असला तरी व्हिक्टोरियाचं शेवटचं नाणं १९०१ सालचं, म्हणजे तो हार लंडनला पार्सल करण्याची वस्तू नव्हे. "पणजीचा, शंभर वर्षं जुना" असं कौतुकाने लिहिणारे अनेक जण मी पाहते आणि मला काळजी वाटते. खात्री नसताना वय वाढवू नका. मी "अंदाजे १९७० चं दशक, पुण्यातल्या घरातून" एवढंच लिहिते आणि अंदाज कशावरून बांधला तेही सांगते: फिरकीची घडण, मागची डागकामाची (सांधे जोडण्याची) पद्धत, जुन्या पेढीची डबी. वयाची शंका असेल तर तो दागिना जाणकाराला दाखवेपर्यंत बाजूला ठेवा.

वाघनखाचं लॉकेट आणि हस्तिदंताच्या बांगड्या तर विकायलाच घेऊ नका. जुन्या वाड्यांतल्या पेट्यांत दोन्ही निघतात आणि लोक विश्वासाने आणून देतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, वस्तू आजोबांच्या काळातली आहे म्हणून तिचा व्यापार करायची सूट मिळत नाही. नम्रपणे परत करा आणि तिचा फोटोही पेजवर टाकू नका.

"चांदी म्हणालात, पण..."

जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. नावात सिल्व्हर आहे म्हणून ते "चांदीचे दागिने" या विभागात टाकणं म्हणजे खोटी माहिती देणं. शिवाय निकेलने अनेकांच्या कानाला खाज सुटते, पुरळ येतं, त्यामुळे निकेलचा उल्लेख गिऱ्हाइकाच्या तब्येतीसाठीही हवा. वन ग्रॅम गोल्ड म्हणजे सोन्याचा मुलामा. "गोल्ड" मोठ्या अक्षरात आणि "प्लेटेड" कुठेतरी तळाशी, असं करू नका.

जुन्या चांदीवर बहुतेक वेळा छाप नसतो. तेव्हा ९२५, म्हणजे ९२.५ टक्के चांदी, हा आकडा अंदाजाने टाकू नका, टंच काढून, म्हणजे शुद्धता तपासून, घ्या. मशीनवर काढलेला टंच मुख्यतः वरच्या थराचा असतो, हेही ध्यानात ठेवा. जाड मुलामा असेल तर मशीन फसतं. शंका आली तर विश्वासातल्या सराफाकडून झिजलेल्या जागी कस लावून बघा. सोन्याच्या बाबतीत १६ जून २०२१ पासून हॉलमार्कची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून दुकानात विकल्या जाणाऱ्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अंकाक्षरी एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) लागतो. नियमाला अपवाद आहेत, पण घरातून छोटं दुकान चालवणाऱ्याने सोन्यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

जीएसटीचं थोडक्यात: दागिन्यांवर, इमिटेशन धरून, ३ टक्के कर आहे. राज्याबाहेर माल विकायचा तर साधारणपणे उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना अटींवर सूट आहे, ती आपल्याला लागू होते का ते सी.ए.ला विचारा. त्याच भेटीत जुन्या वस्तूंसाठीच्या मार्जिन पद्धतीबद्दलही विचारा. वापरलेली वस्तू मूळ रूप न बदलता विकली आणि खरेदीवरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे तिथे भरलेल्या कराची वजावट, घेतलं नाही, तर खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर भरता येतो. हे ठाऊक नसल्याने मी पहिलं वर्षभर पूर्ण किमतीवर कर भरत होते.

"आला तेव्हा चकाकत होता"

चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते आणि दमट हवेत लवकर पडते. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत हा त्रास सर्वांत जास्त. तरी माझ्या पहिल्या पावसाळ्यातलं नुकसान मी स्वतः ओढवून घेतलं होतं, जोडव्यांच्या जोड्या रबरबँडने बांधून ठेवल्या होत्या. रबरात गंधक असतं. जिथे रबर टेकलं तिथे काळी रेघ उमटली. आता सुती दोरा, झिपची छोटी पिशवी आणि आत अँटीटार्निश (काळं पडू न देणाऱ्या) कागदाचा तुकडा. मोती असलेला दागिना मात्र पिशवीत बंद करून महिनोन्‌महिने ठेवू नका, मलमलच्या कपड्यात गुंडाळा.

विकण्याआधी दागिना लख्ख करायचा मोह आवरा. चिंच-लिंबाने घासलं की मोत्याचं पाणी जातं. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबटाने तो विरघळतो. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये लाखेचे मणी टाकले तर लाख तडकते, गरम पाण्यात मऊ पडते. जुन्या चांदीच्या नक्षीच्या खाचांतला काळेपणा तर मुद्दाम जपावा, त्यामुळेच नक्षी उठून दिसते. घेणाऱ्याला विचारा, "तसाच पाठवू की उजळून?" बहुतेक जण तसाच मागतात.

"फोटोत वेगळा दिसत होता"

पिवळ्या बल्बखाली चांदी सोन्यासारखी दिसते आणि फिल्टरमुळे जुन्या मोत्याची साईसारखी छटा पांढरीफटक होते. सकाळी खिडकीजवळ, पांढऱ्या कार्डपेपरवर फोटो काढा. मागची बाजू, डाग देऊन जोडलेली जागा, फासा (अडकवायची कडी) हे सगळं दाखवा. शेजारी दहाचं नाणं ठेवा, ते २७ मिलिमीटरचं असतं. गळ्यात घातलेला एक फोटो हवाच, नाहीतर तन्मणी किती खाली येतो हे कुणालाच कळत नाही.

आणि किंमत लिहा. "भावासाठी मेसेज करा" वाचून निम्मे लोक पुढे जातात. हाताने केलेल्या वस्तूत स्वतःचे तास धरा. मोत्याच्या नथीला मला साहित्य २८० रुपयांचं आणि वेळ चार तास लागतो. तासाला १०० धरले तरी डबी आणि पेमेंटचं कमिशन सोडून ६८० होतात. तशीच नथ ४५० ला विकणारी माझी एक मैत्रीण वर्षभरात दमून थांबली, तिचं काम माझ्यापेक्षा सुबक होतं.

"दोरा तुटला हो"

जुना दागिना विकण्याआधी तो पुन्हा गाठवून घ्या. पन्नास वर्षांचा रेशमी दोरा दिसायला धड असतो आणि पहिल्याच हळदीकुंकवाला तुटतो. पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने ओवून देणाऱ्या कारागिराकडे, जा, त्याची मजुरी किमतीत धरा आणि "दोरा नवा, मणी जुने" असं लिहा. पाठवताना ठुशी पुठ्ठ्यावर टाचून पाठवा, सैल राहिली तर प्रवासात पीळ पडतो. कुरिअरच्या अटी आधी वाचा, अनेक कंपन्या मौल्यवान धातूचं पार्सल साध्या दरात घेत नाहीत आणि हरवलं तर भरपाईही देत नाहीत. विमा उतरवूनच पाठवा.

एकच नग असलेली वस्तू दोन ठिकाणी लावली असेल तर पैसे आल्याबरोबर दुसरीकडून काढा, जेवण नंतर. आणि गाठवताना वापरलेल्या दोऱ्याचा एक वीतभर तुकडा वहीत त्या दागिन्याच्या नोंदीशेजारी चिकटवून ठेवा. दोन वर्षांनी तीच ठुशी दुरुस्तीला आली की पटवेकऱ्याला रंग आणि जाडी दोन्ही दाखवता येतात.