युरोपात दोन दिवसांची विमानसहल : बुकिंगआधी या चुका टाळा

युरोपात राहताना वीस युरोचं विमानतिकीट दिसलं की बोट लगेच ‘बुक’कडे जातं. पण शनिवार-रविवारच्या सहलीत पैशांपेक्षा तास महाग असतात. म्हणून आधी घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे तास कागदावर मांडा, तिकिटाची किंमत मग बघा.

विमानतळाचं नाव वाचून फसणं

‘पॅरिस’ म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. फ्रँकफर्ट-हान तर फ्रँकफर्टपासून जवळपास १२० किलोमीटर दूर. बार्सिलोनासाठी दाखवतात ते जिरोना विमानतळही ९० किलोमीटरच्या आसपास. बोव्हेहून पॅरिसला यायला बसने सव्वा तास, तिचं तिकीट वेगळं, आणि परतीचं विमान सकाळी सातचं असेल तर झोपेचं खोबरं ठरलेलंच. मिलानचं बेर्गामो ५० किलोमीटरवर असलं तरी बस भरपूर असल्यामुळे ते चालून जातं. अंतरापेक्षा शेवटची बस किती वाजता सुटते हे बघा. रात्री उशिरा पोहोचणाऱ्या विमानाचा सगळा फायदा टॅक्सीत जातो.

काही मार्गांवर तर विमानाचा विचारच करू नये. ॲमस्टरडॅमहून पॅरिसला रेल्वे साडेतीन तासांच्या आत भर शहरात सोडते, माद्रिद-बार्सिलोना अडीच-तीन तासांत. विमानाने जाताना एवढा वेळ सुरक्षा तपासणी आणि जाण्यायेण्यातच निघून जातो.

व्हिसावरच्या ‘एन्ट्री’ न मोजणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. आई-बाबा जर्मनीत तुमच्याकडे आलेत, मध्येच लंडन किंवा डब्लिन करून येऊ असं ठरतं. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाहीत. तिथला व्हिसा वेगळा लागतोच. शिवाय आई-बाबांचा शेंगेन व्हिसा सिंगल एन्ट्री असेल, तर बाहेर पडताच तो संपला, परत जर्मनीत येता येणार नाही. व्हिसाच्या स्टिकरवर ‘०१’ (एकदाच प्रवेश) आहे की ‘मल्ट’ (अनेकदा प्रवेश), हे तिकीट काढण्याआधी पाहा. सायप्रस युरोपीय संघात असलं तरी अजून शेंगेनमध्ये नाही; रोमानिया आणि बल्गेरिया मात्र जानेवारी २०२५पासून पूर्णपणे आत आलेत. आणि शेंगेनमधल्या शेंगेनमध्ये फिरतानाही पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही जवळ हवंच.

बॅग आणि चेक-इन

रायनएअर या स्वस्त विमान कंपनीच्या साध्या तिकिटात सीटखाली मावेल एवढी ४० × ३० × २० सेंटीमीटरची एकच पिशवी येते. चेक-इन आधी ऑनलाइनच करायचं. विमानतळावर केलं तर दंड तिकिटापेक्षा मोठा असू शकतो. भारतीय पासपोर्ट असेल तर सुरक्षा तपासणीआधी काउंटरवर कागदपत्रं दाखवून घ्यावी लागतात. त्या रांगेसाठी अर्धा तास हाताशी ठेवा. लोणच्याची बरणी सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थ ठरते, १०० मिलिलिटरपेक्षा मोठी असेल तर ती तिथेच राहण्याची शक्यता जास्त.

वार न बघणं

पॅरिसमधलं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. ॲमस्टरडॅममधल्या ॲन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात. तेव्हा तिथे आधी हे तिकीट आणि मग विमान, असाच क्रम ठेवा. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी सुपरमार्केट बंद असतात, अपवाद मोठ्या स्टेशनांवरच्या दुकानांचा. सोबत लहान मूल असेल तर दूध-ब्रेड शनिवारीच घ्या.

दोन सुटी तिकिटं जोडणं

मुंबईचं विमान दुपारी फ्रँकफर्टला उतरणार आणि संध्याकाळी स्वस्त कंपनीचं रोमचं विमान. कागदावर हे छान दिसतं. पण दोन्ही तिकिटं स्वतंत्र असतील तर पहिलं विमान लांबल्यावर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही. सामान घेऊन ते पुन्हा द्यावं लागतं ते वेगळंच. अशा वेळी मधली एक रात्र फ्रँकफर्टलाच काढा, विशेषतः सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर.