स्कॉटलंडात कुणी गोल्फला बोलावलं तर: वाळू आणि पाण्याबद्दल थोडंसं

एडिनबराला नोकरीसाठी येणाऱ्या आपल्या मंडळींचे सुरुवातीचे प्रश्न ठरलेले असतात. घर कुठे बघू, कढीपत्ता कुठे मिळतो, हिवाळ्यात बूट कसले घ्यायचे. मग एप्रिल-मे उजाडतो, संध्याकाळ लांबत जाते आणि एक वेगळाच फोन येतो: "दादा, टीममधले लोक शनिवारी गोल्फला चल म्हणतायत. आपल्याला तर क्लब धरताही येत नाही. जाऊ का?"

जा. आपल्याकडे गोल्फ म्हटलं की लष्करातले साहेब आणि लाखांची मेंबरशिप डोळ्यांपुढे येते. इथे तसं नाही. इथे प्लंबर खेळतो, शाळेतली बाई खेळते, सिटी कौन्सिलची स्वतःची मैदानं आहेत. ब्रन्ट्सफील्ड लिंक्सवरच्या छोट्या होलांच्या मैदानावर तर उन्हाळ्यात फुकट खेळता येतं. आधी महिनाभर तिथे हात बसवा.

शॉट वाकडा गेला तर कुणी मनावर घेत नाही. बंकरमध्ये, म्हणजे मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यात, आणि पाण्याशी तुम्ही कसे वागता याकडे मात्र लक्ष असतं. मैदानावर पंच नसतो, आपला दंड आपणच मोजून सांगायचा असतो. मी पहिल्या वर्षी हे शिकलो. बंकरमध्ये उतरलो, गवतावर टेकवतो तसा क्लब बॉलच्या मागे वाळूवर टेकवला, मारला, बॉल बाहेर आला. होल संपल्यावर "सहा फटके" म्हणून सांगितलं. कुणी काही बोललं नाही. नंतर गाडीपाशी बूट बदलताना एका वयस्क सहकाऱ्याने बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "ते आठ होते. तुला माहीत नव्हतं हे मला दिसलं, म्हणून आता सांगतोय." त्यांनी चारचौघांत सांगितलं नाही, याबद्दल आजही मी त्यांचा ऋणी आहे.

तर नियम असा. बंकरमध्ये बॉल मारण्याआधी त्याच्या अगदी मागे किंवा पुढे क्लबने वाळूला स्पर्श करायचा नाही. सरावाचा स्विंग घेताना किंवा क्लब मागे नेतानाही वाळू लागता कामा नये, आणि वाळू घट्ट आहे की भुसभुशीत हे हाताने, क्लबने किंवा रेकने (वाळू सपाट करायच्या दाताळ्याने) चाचपून बघायचं नाही. चूक झाली तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायचा खेळ) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा खेळ) तो होलच गेला. भल्याभल्यांना हे भोवलं आहे. 2010च्या पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत, अमेरिकेतल्या विसलिंग स्ट्रेट्स मैदानाच्या शेवटच्या होलवर, डस्टिन जॉन्सन या नावाजलेल्या खेळाडूचा बॉल प्रेक्षकांनी तुडवलेल्या वाळूत होता. हा बंकर आहे असं त्याला वाटलंच नाही. त्याने क्लब टेकवला, दोन फटके वाढले आणि बरोबरी सोडवणारा प्लेऑफ हुकला.

2019 साली नियम थोडे सैल झाले. बॉलजवळचं पान, काडी, दगड आता उचलता येतो, फक्त उचलताना बॉल हलता कामा नये. थकून क्लबवर टेकून उभं राहिलात तरी चालतं. जुनी माणसं कधीकधी "दगडाला हात लावू नकोस" म्हणतील, कारण पूर्वीचा नियम तसाच होता. वाद घालू नका, नम्रपणे सांगा.

इथले लिंक्सवरचे, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूच्या मैदानांवरचे, बंकर टीव्हीवर दिसतात तसे पसरट नसतात. गवताच्या लाद्या एकावर एक रचून समोरची भिंत उभी केलेली असते, कुठे कुठे माणसाच्या डोक्याएवढी. तिच्या पायथ्याशी बॉल असेल तर झेंड्याकडे मारायचा हट्ट सोडा. आडवा मारा, वेळ पडली तर मागे मारा. सेंट अँड्र्यूज गावातल्या ओल्ड कोर्स मैदानाच्या सतराव्या होलवर, रोड होल बंकरमध्ये, 1978च्या ओपन स्पर्धेत त्सुनेयुकी नाकाजिमासारखा खेळाडू अडकला आणि त्या एका होलला त्याचे नऊ फटके झाले. बॉल मारण्याजोगा नाहीच असं वाटलं, तर एक फटका दंड घेऊन बंकरमध्येच दुसरीकडे ड्रॉप करता (हातातून खाली सोडता) येतो. बंकरबाहेर, झेंडा आणि बॉल यांच्या सरळ मागच्या रेषेवर न्यायचा असेल तर दंड दोन.

आता रेक, ज्यावरून इथे माणूस ओळखतात. भिंतीवरून उडी मारून आत जाऊ नका, तिच्या कडा ढासळतात. सखल बाजूने, बॉलच्या जवळात जवळ पडेल अशा वाटेने उतरा आणि रेक सोबत घेऊन जा. मारून झाल्यावर उलट पावली बाहेर येत आपले ठसे, क्लबने पडलेला खड्डा, सगळं सपाट करा. पावसाने भिजलेल्या वाळूत दाते आधी थोडे जोर देऊन ओढावे लागतात, मग रेक उलटा करून पाठीने हलक्या हाताने फिरवायचा. अर्धं मिनिट लागतं. दुसऱ्याच्या पावलाच्या खड्ड्यात बॉल सापडला की ते अर्धं मिनिट किती मोलाचं होतं ते कळतं. रेक बाहेर ठेवायचा की आत, ते त्या मैदानाच्या पद्धतीप्रमाणे.

पाण्याचा नियम तर खेळाच्या लिखित नियमांइतकाच जुना. 1744 साली इथल्याच लीथमध्ये तेरा नियम लिहिले गेले. त्यातही पाण्यात गेलेला बॉल बाहेर काढून मागे ठेवायची आणि त्याबद्दल प्रतिस्पर्ध्याला एक फटका द्यायची सोय होती. आजही साधारण तेच आहे. स्कॉटलंडात तळ्यांपेक्षा ओढे जास्त. इथे त्यांना 'बर्न' म्हणतात. नियमांत आता या जागेला पेनल्टी एरिया म्हणतात, आणि आधी तिची हद्द दाखवणाऱ्या खुंट्यांचा रंग बघायचा.

पिवळा असेल तर एका फटक्याच्या दंडावर दोन वाटा: जिथून मारला तिथून पुन्हा मारायचा, किंवा बॉल जिथे हद्द ओलांडून आत गेला तो बिंदू आणि झेंडा यांना जोडणाऱ्या रेषेवर हवं तितकं मागे जायचं. लाल असेल तर तिसरीही वाट मिळते: त्या बिंदूपासून दोन क्लबांच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, बाजूला ड्रॉप. नवीन माणूस इथेच चुकतो. 'डुबुक' झालं ती जागा धरायची नसते, बॉलने हद्द शेवटची जिथे ओलांडली ती धरायची. समजा, बॉल ओढ्यापलीकडच्या हिरवळीवर पडला आणि उतारावरून मागे घरंगळत पाण्यात गेला. पिवळ्या खुंट्या असतील तर तरीही ओढ्याच्या अलीकडूनच मारावं लागतं. वाईट वाटतं, पण तसंच आहे. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून करायचा.

बॉल काठावर दिसत असेल तर तसाच मारायलाही मोकळीक आहे, आणि तिथे क्लब जमिनीला टेकवला तरी चालतो. बंकरशी गल्लत करू नका. पावसाने मैदानात साचलेलं डबकं ही वेगळी गोष्ट, तिथून दंडाशिवाय बाजूला होता येतं. बॉल पाण्यातच गेला याची जवळपास खात्री हवी. ओढ्याशेजारच्या काटेरी झुडपात गेला असू शकतो असं वाटलं तर तीन मिनिटं शोधायचं, नाहीच मिळाला तर हरवला म्हणायचं. आणि दीड-दोन पौंडांच्या बॉलसाठी निसरड्या काठावर ओणवं होऊ नका. मागचा ग्रुप थांबलेला असतो, शिवाय इथलं पाणी मे महिन्यातही बर्फासारखं गार असतं.

शनिवारच्या आधी एखादा रविवार मोकळा असेल तर सेंट अँड्र्यूजला जा. एडिनबराहून ल्यूकर्सपर्यंत ट्रेन, पुढे बस. ओल्ड कोर्सवर बहुतेक रविवारी खेळ बंद असतो आणि गावातले लोक पोरांना, कुत्र्यांना घेऊन फिरतात. तुम्हीही फिरा. सतराव्या होलच्या बंकरच्या काठाशी उभे राहून आत बघा, मग पुढे अठराव्यावर स्विल्कन बर्नवरच्या दगडी पुलापाशी थांबून खाली पाणी बघा. आत मात्र उतरू नका, सोमवारी सकाळी तिथे कुणीतरी खेळणार असतं.