ओहोटीला खडकावर: कधी जावं, कुठे थांबावं, काय पाहावं

मुंबईच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघडे पडणारे समुद्रजीव बघायचे, तर दिवस नीट निवडलात की निम्मं काम झालं. भरती-ओहोटीच्या तक्त्यात ओहोटीची उंची ०.५ मीटरच्या खाली असेल तोच दिवस धरा. ०.२ असेल तर खुशाल सुट्टी टाका. एक मीटरच्या ओहोटीला गेलात, तर वरचे कोरडे खडक आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या बघून परत याल.

तक्ता हाताशी नसेल तर पाऊणपटीचा जुना हिशोब चालतो. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटीची. द्वितीयेला दीडला भरती, साडेसातला ओहोटी. सकाळीही आणि संध्याकाळीही. पुढे रोज साधारण ५० मिनिटं उशीर धरा. या हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी अपोलो बंदरचा तक्ता बघाच. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाणी फारसं हटत नाही. उधाणाचं पाणी सगळ्यात खोल जातं ते पुनव-अवसेनंतर एक-दोन दिवसांनी. त्यामुळे पाडवा ते तृतीया हे आपले दिवस. जून ते सप्टेंबर खडकांवर जाऊ नका. लाटांचा भरवसा नसतो.

खडकांसाठी वांद्र्याचा कार्टर रोड बरा. वाळूतल्या जिवांसाठी जुहू किंवा गिरगाव, चिखलातल्यांसाठी शिवडी. पायात रबरी तळव्याचे बंद बूट हवेत. चप्पल शेवाळावर घसरते, आणि पडताना हात टेकाल तो नेमका बार्नेकल (खडकाला चिकटून राहणारे कवचाचे छोटे जीव) नाहीतर कालवांच्या कडेवर, जी ब्लेडसारखी कापते. कापलंच तर समुद्राच्या पाण्याने धुऊ नका, त्यात शहराचं सांडपाणी आहे. बाटलीतलं स्वच्छ पाणी भरपूर ओता.

ओहोटीच्या वेळेआधी दीड तास पोहोचा आणि हटणाऱ्या पाण्यामागोमाग खाली उतरा. ओहोटीचा क्षण उलटला की वीस मिनिटांत परत फिरा. उधाणाला मुंबईत पाण्याचा चढउतार चार मीटरच्या पुढे जातो. पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर चढतं आणि माणूस गाफील राहतो. तिसऱ्या तासात तेच पाणी मीटरभर चढतं. शिवाय ते समोरूनच येतं असं नाही. आधी मागच्या घळी भरतात आणि तुम्ही बेटावर अडकता.

आता खडक वरून खाली, मजल्यांसारखा वाचा. सगळ्यात वर बार्नेकल. पाणी गेलं की ते कवचाची झडप मिटून आत थोडं पाणी धरून बसतात. भिजलेल्या खळग्यात झडपा उघडलेल्या दिसल्या तर अर्धं मिनिट बघा: पिसासारखे पाय बाहेर येऊन पाणी चाळत असतात. हा खेकड्या-कोळंब्यांचा नातेवाईक, डोक्याच्या बाजूने खडकाला चिकटलेला आणि पायांनी जेवणारा.

मधल्या मजल्यावर कालवं, गोगलगायी आणि समुद्रफुलं. समुद्रफूल पाण्याबाहेर ओळखू येत नाही, आणि नवख्यांचे पाय त्याच्यावरच पडतात. शंखांचे तुकडे आणि वाळू चिकटलेला ओला गोळा दिसला की थांबा, तेच ते. ती वाळू चुकून लागलेली नसते. अंगावरच्या बारीक चिकट पुळ्यांनी त्याने ती धरून ठेवलेली असते, त्यामुळे ऊन कमी लागतं आणि ओल टिकते. जवळच्या डबक्यात तोच प्राणी फुललेला दिसेल. त्याच्या पाकळीसारख्या प्रत्येक शुंडकात विषारी सुयांच्या पेशी असतात, म्हणून बोट लावून बघू नका. खडकावर हिरवट-तपकिरी बटणांची सतरंजी पसरलेली दिसली तर ते झोअँथिड, समुद्रफुलांचेच भाऊबंद. त्यांच्या काही जातींत फार जहाल विष असतं. त्यांना हात नाही, पाय तर नाहीच.

सगळ्यात खालच्या मजल्यावर, म्हणजे ०.५ च्या खाली उघड्या पडणाऱ्या खडकांत, ऑक्टोपस असतो. तो शोधू नका, त्याचं उष्टं शोधा: एखाद्या कपारीच्या तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा ताजा ढीग. त्याच्या कातडीत रंगाच्या सूक्ष्म पिशव्या असतात. स्नायूंनी त्या ताणल्या की रंग पसरतो, सोडल्या की आकसतो. हुकूम थेट मज्जातंतूंतून येतो, म्हणून क्षणात अंग बदलतं. कातडीवर उंचवटे काढून तो खडकाचा खरबरीतपणाही उचलतो. आणि हे सगळं करणारा प्राणी स्वतः बहुधा रंगांधळा आहे!

डबक्याशी उभं राहायची एक रीत आहे. सूर्य समोर किंवा बाजूला ठेवा, म्हणजे सावली पाण्यावर पडत नाही. मग उकिडवे बसा आणि पाच मिनिटं हलू नका. पहिल्या मिनिटात डबकं रिकामं वाटतं. तिसऱ्या मिनिटाला एक शंख चालू लागतो. त्यात हर्मिट खेकडा असतो. त्याचं मऊ पोट वाकडं असतं, रिकाम्या शंखाच्या वळणात नेमकं बसणारं. तो वाढला की त्याला मोठा शंख लागतो. घरी नेलेला सुंदर शंख हा त्याचा गेलेला ब्लॉक. निमुळता, शंकूच्या आकाराचा शंख तर उचलूच नका. आतली गोगलगाय जिवंत असेल तर विषारी भाला मारते.

शिवडीला चिखलात उतरू नका, गुडघाभर रुताल. जेट्टीवरूनच निवट्या बघा. निवटी मासा असूनही जमिनीवर फिरते, कारण कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी भरून नेते आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेते. ती मधेच कुशीवर लोळते ते कातडी ओली ठेवायला. डोळे खोबणीत ओढून घेते तेही ओले करायलाच. अंग वाळलं की तिचा श्वास कोंडतो.

गिरगावला पाण्यात पाय टाकायचेच असतील तर उचलून टाकू नका, घासत चाला. वाळूत पाकट, म्हणजे शेपटीला काटा असलेला चपटा मासा, दडलेलं असतं. पायाची चाहूल लागली तर निघून जातं, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. २०१३ च्या गणेश विसर्जनात इथेच अनेकांना हा प्रसाद मिळाला. काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

दगड उलटला तर होता तसाच पालथा ठेवा. खालचे जीव उन्हात वाळतात आणि वरचं शेवाळ अंधारात मरतं. फोटो दोन घ्या, एक जवळून आणि एक आजूबाजूच्या खडकासकट. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे नंतर ओळख पटवताना आकार कळतो. नाणं परत उचलायला विसरू नका.