डीएसएलआर हातात धरून व्हिडिओ काढताना या चुका टाळा

फोटो छान काढणाऱ्यांचाही पहिला व्हिडिओ हलतो आणि लगेच गिंबल (कॅमेरा मोटरने स्थिर धरणारा दांडा) घ्यायचा विषय निघतो. जरा थांबा. बहुतेक वेळा गडबड पकडीत असते.

फोटो काढताना डीएसएलआर डोळ्याला टेकलेला असतो. व्हिडिओ सुरू केला की आतला आरसा वर जातो, व्ह्यूफाइंडर काळा पडतो आणि मागच्या स्क्रीनकडे बघावं लागतं. मग नकळत हात लांब जातात. लेन्ससकट किलोभर वजन असं अधांतरी धरलं की थोड्याच वेळात हात भरून येतात. त्याऐवजी पट्टा मानेत अडकवा आणि तो ताठ होईपर्यंत कॅमेरा पुढे ढकला. कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा तळवा लेन्सखाली ठेवा. पॅन करायचं, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवायचा असेल तर पाय आधीच शेवटच्या दिशेला रोवा, कमरेतून मागे वळून सुरुवात करा आणि शरीर सैल होत जाईल तसं सरळ या. उलट केलंत तर शेवटी अंग पिळवटतं आणि नेमका तिथेच झटका बसतो.

चालत शूट करण्याचा मोह सुरुवातीला सोडाच. गिंबल लावला तरी पावलांचे वरखाली हिसके तो पूर्ण थांबवत नाही, गुडघे वाकवूनच चालावं लागतं. एका जागी उभं राहून आठ-दहा सेकंदांचे शॉट घ्या.

दुसरी चूक झूमची. 18-55 एमएम झूम लेन्सच्या 55 वर हाताचा प्रत्येक कंप मोठा दिसतो. सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो, त्यामुळे कॅमेरा झटकन फिरवला की विजेचे खांब तिरके होतात. 18 वर ठेवा आणि स्वतः पुढे जा. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशनचं बटण चालू आहे ना, तेही बघा. स्वस्तातल्या 50 एमएम एफ/1.8 लेन्समध्ये सहसा ते नसतंच.

शटर मात्र सगळ्यात जास्त जणांना फसवतं. सेकंदाला 25 फ्रेमवर शूट करत असाल तर शटर 1/50 ठेवा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग प्रकाश मिळतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. 1/50 मध्ये बरोबर दोन लुकलुकी मावतात. 1/60 ठेवलंत तर मंगल कार्यालयाच्या भिंतीवर पट्टे सरकताना दिसतील.

भर उन्हात हेच 1/50 अडचणीचं होतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) 100 ला ठेवूनही लेन्सचं छिद्र एफ/22 पर्यंत बारीक करावं लागतं. म्हणून लोक शटर 1/1000 करतात आणि हालचाल तुटक दिसू लागते, हाताची थरथरही जास्त बोचते. इथे खरा उपाय एनडी फिल्टर, म्हणजे लेन्ससमोर लावायची गडद काच. एनडी 32 पाच स्टॉप प्रकाश अडवतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे छिद्र मोठं ठेवून एफ/4 वर निवांत काम होतं. माझ्या मते गिंबलच्या आधी खर्च करावा तो यावर.

‘एडिटिंगमध्ये स्थिर करू’ यावर विसंबू नका. सॉफ्टवेअर कडा कापतं आणि धक्क्याने फ्रेममध्ये आलेला फराटा तसाच राहतो.

फोकस मागेपुढे शोधत राहत असेल तर ऑटोफोकस बंद करा. कॅननने 2013 मध्ये 70डी कॅमेऱ्यासोबत ड्युअल पिक्सेल ही सेन्सरवरूनच फोकस करणारी पद्धत आणल्यावर हा त्रास बराच कमी झाला, पण जुन्या बॉडीत तो आहेच. रेकॉर्डिंगच्या आधी स्क्रीनवर चित्र मोठं करून हाताने फोकस लावा, एफ/5.6 च्या आसपास राहा.

आवाजासाठी कॅमेऱ्यातला माइक वापरू नका. लेन्सची घरघर आणि बोटांची खरखर त्यात हमखास येते. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत (हॉट-शू) छोटा माइक लावा, नाहीतर बोलणाऱ्याच्या खिशात रेकॉर्डिंग चालू करून मोबाइल ठेवा आणि आवाज जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या.