चारांगोवर वाय्नोचा ठेका

चारांगो हे बोलिव्हिया-पेरूचं छोटं तंतुवाद्य; त्याला 10 तारा, दोन-दोनच्या 5 जोड्या. पाचवीपासून पहिलीपर्यंत सूर लावा: जी, सी, ई, ए, ई. मधल्या जोडीतल्या दोन तारांत एका सप्तकाचं अंतर ठेवा. इथेच घाई नको; जोडी बेसूर असेल तर उत्तम ठेकाही कर्कश वाटतो.

वाय्नो हा तिथल्या अँडीज पर्वतातला लोकनृत्य-संगीताचा प्रकार. त्याच्या ठेक्यात एका मात्रेत एक लांब आणि दोन आखूड आघात, म्हणजे ‘धा तिट, धा तिट’. तर्जनीच्या नखाने खाली (धा), पुन्हा खाली (ति), मग वर (ट). आधी डाव्या हाताने तारा हलक्या दाबून आवाज बंद करा आणि मेट्रोनोम (लयीचे टोले देणारं यंत्र) मिनिटाला 60 टोल्यांवर ठेवून फक्त ठेका वाजवा.

हमखास चूक म्हणजे तिन्ही आघात सारखे पडणं. मग वाय्नोचा दादरा होतो! हात कोपरातून हलला की ‘तिट’ लांबतो, म्हणून हालचाल मनगटातूनच हवी. ‘धा’वर किंचित वजन द्या.

ठेका स्थिरावल्यावर ए मायनर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) धरा: पाचव्या जोडीवर दुसरा पडदा, बाकी मोकळ्या. सी मेजरला फक्त दुसऱ्या जोडीवर तिसरा पडदा. कॉर्ड बदलताना ठेका अडखळला तर वेग कमी करा, उजवा हात मात्र थांबवू नका.