बॉर्डरवरच्या आपल्या फौजीला पिक्चर कसे पाठवायचे

घरातलं कुणी काश्मीर, लडाख नाहीतर अरुणाचलला पोस्टिंगवर असेल तर पिक्चर पाठवायच्या आधी त्याला एकच विचारा, बघणार कशावर? काही ठिकाणी मोबाईल जवळ ठेवता येतो, काही ठिकाणी नाही, कुठं युनिटचा टीव्ही असतो. पेन ड्राइव्ह तर विचारल्याशिवाय पाठवूच नका. फौजेत त्याचे नियम कडक असतात, चुकून ऑफिसच्या कॉम्प्युटरला लागला तर कारवाई आपल्याच माणसावर होते.

सगळ्यात सोपं म्हणजे तो सुट्टीवर आला की परत जायच्या आधी घरच्या वायफायवर त्याच्याच फोनमध्ये ओटीटी ॲपवरनं डाउनलोड करून द्यायचं. पण इथंच बरेच जण फसतात, कारण हे डाउनलोड कायमचं नसतं. काही पिक्चर ठराविक दिवसांनी उडतात, काही एकदा प्ले केले की 48 तासांत संपवावे लागतात, यूट्यूब प्रीमियमवाले महिन्याभरात एकदा तरी नेट मिळालं नाही तर बंद पडतात. म्हणून प्रत्येक पिक्चरची मुदत ॲपमध्ये बघून त्याला सांगून ठेवा, म्हणजे आधी संपणारे तो आधी बघेल. आणि हो, जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं, ते जायच्या आधीच करून घ्या.

पोस्टानं पाठवायचं असेल तर ओरिजिनल डीव्हीडी चालेल, पण तिथं प्लेअर आहे का ते विचारून. पेन ड्राइव्हला परवानगी असेल तर त्यात पायरेटेड पिक्चर भरू नका, एक तर बेकायदेशीर आणि वर व्हायरसची भीती. त्यापेक्षा तुम्ही स्वतः शूट केलेलं टाका, गावच्या जत्रेतल्या कुस्त्या, पोरांचं गॅदरिंग, आईनं दोन मिनिटं बोललेलं. माझ्या मते कुठल्याही पिक्चरपेक्षा हे जास्त वेळा बघितलं जातं. फाईल एमपी4 ठेवा, आणि ड्राइव्हचा फॉरमॅट एफएटी32 असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर जातच नाही, हे लक्षात असू द्या.

पत्ता लिहिताना नंबर, रँक, नाव, युनिट आणि 56 एपीओ किंवा 99 एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), तो सांगेल तसंच. पिनकोड 9 नं सुरू होतो. पार्सलवर जागेचं नाव अजिबात लिहायचं नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर पण टाकायचं नाही. प्रायव्हेट कुरिअरच्या भानगडीत न पडता सरळ पोस्टात जा. पॉवर बँक पार्सलमध्ये कोंबू नका, लिथियम बॅटरी विमानाच्या टपालात चालत नाही. थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते हे खरं, पण पॉवर बँक त्यानं सुट्टीवरनं जातानाच हँडबॅगेत न्यावी.

पिक्चर कुठले? युद्धाचे तर मी पाठवणारच नाही, दिवसभर तेच असतं की. अशोक सराफ, लक्ष्या यांचे जुने विनोदी पिक्चर मराठा लाइट इन्फंट्रीत हमखास चालतील, पण युनिटमध्ये सगळ्या राज्यांची पोरं असतील तर हिंदी आणि हिंदीत डब केलेले साउथचे पिक्चर पण ठेवा, म्हणजे चौघं मिळून बघतील.

लडाखला पाठवायचं असेल तर दिवाळीच्या आधीच पाठवा, थंडीत श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजिला घाट बर्फानं बंद झाला की टपालाला उशीर होतो.