गाडी घरी धुताय? मग निदान या चुका तरी करू नका

उन्हात तिरकं बघितलं की गाडीच्या रंगावर बारीक बारीक गोल चरे दिसतात ना, कोळ्याच्या जाळ्यासारखे, ते बहुतेक रस्त्यावर पडलेले नसतात. घरी पडलेले असतात, तेही गाडीवर जिवापाड प्रेम करणाऱ्या मालकाच्या हातून. दहा लोक मला विचारतात की कुठलं पॉलिश चांगलं, कुठलं कोटिंग टिकतं, पण तू गाडी पुसतोस कशाने असं उलट विचारलं की गप्प. म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवणार.

कोरड्या धुळीवर फडका

ही सगळ्यात मोठी चूक आणि सगळ्यात जास्त केली जाणारी. सकाळी निघायची घाई, गाडीवर धुळीचा थर, मग डिकीतला तो कायमचा पिवळा फडका काढायचा, दोन हात फिरवायचे, चकचकीत. अरे, धूळ म्हणजे बारीक दगडच आहेत ते! फडक्याखाली धरून तुम्ही ते दगड रंगावर घासताय. लांब काठीचा झाडण्यासारखा डस्टर असतो तोही याच पंगतीतला, मऊ असला म्हणून काय झालं, धरून ठेवलेली वाळू थोडीच मऊ होते.

आता रंगाचं गणित समजून घ्या. गाडीवर सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. कंपनीतून येताना तो साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो, म्हणजे जास्तीत जास्त एका मिलिमीटरचा विसावा भाग. ऊन, पाऊस, पक्ष्यांची विष्ठा सगळं झेलायचं काम याच थराचं, आणि चमकही याचीच. चरे पडतात ते यात. पॉलिश करून चरे काढायचे म्हणजे हाच थर थोडा थोडा घासून कमी करायचा, भरून वगैरे काही येत नाही. एकदा गेला तो गेला.

माझी सवय सांगतो. धूळ असेल आणि धुवायला वेळ नसेल तर मी गाडी तशीच नेतो. समोरची काच, आरसे, लाइट, मागची काच पाणी मारून पुसतो, बाकी राहू दे मळकी. मळक्या गाडीने आजवर कोणाचं वाईट झालेलं नाही.

एक बादली, किचनचा स्पंज आणि भांड्यांचा साबण

आता आमच्या मेव्हण्याची गोष्ट ऐका, त्याची परवानगी घेतलीये, त्यामुळे मनमोकळं लिहितो. त्याने काळी गाडी घेतली. काळा रंग दिसायला राजा आणि सांभाळायला शिक्षा, हे मी त्याला आधीच सांगितलं होतं. पठ्ठ्या दर सुट्टीला गाडी धुवायचा, एका बादलीत भांड्यांचं लिक्विड, त्यात स्पंज, आधी चाकं मग दारं मग बॉनेट, सगळं त्याच पाण्यात. चाकावरची ब्रेकची काळी भुकटी, चिखल, वाळू, सगळं त्या बादलीत आणि तिथून थेट बॉनेटवर. पाणी काळं झालं की हा खूश, बघा किती मळ निघाला.

काही महिन्यांत मला फोटो पाठवला, "दाजी, रंग खराब निघाला, सगळीकडे जाळं दिसतंय, फसवलं आपल्याला." मी म्हटलं कोणी फसवलं नाही, तुझा स्पंज दाखव. स्पंजची एक बाजू हिरवी खरखरीत. तुम्ही समजून घ्या.

मी त्याला सांगितलं की आता थांब, धुण्याची पद्धत बदल, मग निवांत बघू काय करायचं. पण थांबणं हा प्रकार नवशिक्यांना जमतच नाही. त्याने कुठलातरी दोन मिनिटांचा व्हिडिओ बघितला, भिंतीत भोकं पाडायच्या ड्रिलला फोमचं पॅड लावलं, जाडं रबिंग कंपाउंड (रंग घासायची खरखरीत पेस्ट) घेतलं आणि बॉनेटवर सुरू. बॉनेटवर ती उठलेली कड असते ना, तिथे चरे जास्त दिसत होते म्हणून तिथेच दाबून धरलं. थोड्या वेळाने पॅड काळं व्हायला लागलं. याला वाटलं मळ निघतोय, म्हणून अजून दाबलं. मळ कसला, तो गाडीचा रंग होता! क्लिअर कोट शाबूत असेल तर पॅडवर गाडीचा रंग येतच नाही, आला म्हणजे वरचा थर गेला आणि आता खालचा जातोय. कडांवर रंग आधीच पातळ बसलेला असतो, पॅडचा सगळा दाब तिथे एका रेघेवर येतो, म्हणून जाणकार लोक मशीन लावायच्या आधी कडांवर टेप चिकटवतात. वर ड्रिलचं पॅड एकाच जागी गरगर फिरतं, उष्णता तिथेच साठते. पॉलिशिंगचं डुअल अ‍ॅक्शन मशीन फिरता फिरता डोलतं, त्यामुळे नवख्याच्या हातात ते बरंच सुरक्षित. हा फरक त्या व्हिडिओत नव्हता.

शेवटी अख्खं बॉनेट रंगवून घ्यावं लागलं. गाडी परत आल्यावर याचा पहिला प्रश्न काय असेल? "दाजी, आता यावर लगेच कोटिंग मारू का?" कपाळ! नव्याने मारलेल्या रंगातून सॉल्व्हंट बाहेर पडायला बरेच आठवडे लागतात, तोवर त्यावर वॅक्स नाही, कोटिंग नाही, रंगवणारा सांगेल तितकं थांबायचं.

तर योग्य काय. दोन बादल्या. एकीत गाडीचा शॅम्पू, बाटलीवर लिहिलंय तेवढाच, जास्त ओतून जास्त स्वच्छ होत नाही. दुसरीत साधं पाणी. हातमोजा, तोही मायक्रोफायबरचा, शॅम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळखळून मळ सोडायचा आणि परत शॅम्पूत. बादलीच्या तळाशी बसवायची जाळी मिळते, वाळू तिच्याखाली बसते, घेतलीत तर उत्तम. चाकांसाठी बादली वेगळी, ब्रश वेगळा, फडके वेगळे, यात तडजोड नाही. मी चाकं सगळ्यात आधी धुतो, कारण ती शेवटी धुतली तर त्यांचे शिंतोडे नुकत्याच धुतलेल्या दारांवर उडतात. दारं वरून खाली, बंपर आणि दाराचा खालचा पट्टा अगदी शेवटी कारण खरी वाळू तिथेच असते.

आणि या सगळ्याच्या आधी नुसतं पाणी, भरपूर. हात लावायच्या आधी जेवढा मळ पाण्याने जाईल तेवढा जाऊ द्या. फोम मारायची सोय असेल तर फोम मारून पाच मिनिटं थांबा, पण तो वाळू देऊ नका. लोकांना फोम आवडतो कारण तो फोटोत छान दिसतो, पण त्याचं काम मळ सैल करणं आहे आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो, मारला की लगेच धुऊन टाकणारे लोक नुसते पैसे धुतात.

भांड्यांचा साबण रंग लगेच खात नाही, तेवढं घाबरू नका, पण तो तेल काढण्यासाठीच बनवलेला आहे आणि तुमचं वॅक्स तेलकटच आहे. दर वेळी वापरलात तर वॅक्स गेलं समजा.

उन्हात धुणं

बॉनेट तापलेलं असताना पाणी मारायचं नाही. शॅम्पू जागीच वाळतो, पाणी उडून जातं आणि त्यातले कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार पांढरे ठिपके बनून बसतात. ताजे ठिपके असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान करून फडक्याने हलकेच लावा, लगेच धुऊन टाका, बहुतेक निघतात. जुने ठिपके रंगात खड्डा करून बसलेले असतात, तिथे मग पॉलिशच. सावलीत धुवा, नाहीतर अगदी सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर. आणि धुतल्यावर आपोआप वाळू देऊ नका, जाड टॉवेल ठेवून पाणी शोषून घ्या, घासू नका. जुना बनियन आणि जुना टीशर्ट यांना प्लीज फरशीसाठी राखून ठेवा.

मायक्रोफायबरच्या फडक्याचं एक सांगून टाकतो. तो जमिनीवर पडला की त्याची नोकरी बदलली, आता तो चाकांचा फडका. झटकून परत वापरणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याशी मी या विषयावर बोलणं सोडलंय. धुताना सुती कपड्यांसोबत टाकू नका, फॅब्रिक सॉफ्टनर तर अजिबात नाही, त्याने धाग्यांवर थर चढतो आणि तो पाणी शोषायचाच बंद होतो. कडेला शिवलेलं लेबल आधी कापून टाका, तेही चरे पाडतं.

पक्ष्यांची विष्ठा दिसली की नखाने किंवा कोरड्या टिश्यूने खरवडायची नाही. ती आम्लधर्मी असते, आणि त्यात बियांचे कण, वाळूचे कण असतात. ओला फडका त्यावर पाच दहा मिनिटं ठेवून द्या, मऊ होते, मग उचलून घ्या. रविवारी धुऊ म्हणून ठेवलीत तर उन्हात तिचा डाग रंगात उतरतो.

क्ले बार, म्हणजे रंगाला चिकटून बसलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी, वापरताना लुब्रिकंट (निसरडं करणारं द्रव) भरपूर, आणि क्ले खाली पडला तर सरळ कचऱ्यात, कितीही जिवावर आलं तरी. मुळात गरज आहे का ते आधी बघा, धुतलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून हात फिरवा, खरखर लागली तर करा, नाहीतर कशाला उगाच घासायचं.

टूथपेस्टने हेडलाइट? चमकतात, हो. काच नसते ती, पॉलिकार्बोनेट असतं, त्यावर कंपनीचा अतिनील किरण अडवणारा थर असतो. पिवळेपणा म्हणजे तोच थर खराब झालाय. तुम्ही घासून तो काढलात आणि वर नवीन काही लावलं नाही तर काही महिन्यांत आधीपेक्षा पिवळे. नीट करायचं तर 1000, 2000, 3000 नंबरचे पाण्याचे पेपर (ओले करून घासायचे सँडपेपर) क्रमाने, मग पॉलिश, मग यूव्ही कोटिंग. अर्धा दिवस जातो, त्याला शॉर्टकट नाही.

प्रेशर वॉशर एक फुटाच्या आत नेऊ नका आणि रुंद फवाऱ्याचं नोझल लावा. सरळ धारेचं नोझल जवळून मारलं तर दगड लागून उडालेला रंग सोलपटून निघतो, टायरच्या बाजूलाही इजा होते. इंजिनवर तर मी प्रेशर मारतच नाही, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, हवा घ्यायचं तोंड सगळं तिथेच असतं. गार इंजिन, ब्रश, ओला फडका, बास.

टायरला चमक लावताना स्पंजवर घेऊन फक्त बाजूला लावा. थेट फवारला की तो ब्रेक डिस्कवर जातो, आणि जमिनीला टेकणाऱ्या भागावर गेला तर घसरायला होतं. हीच गोष्ट आत. डॅशबोर्डला तेलकट चमक लावली की दुपारी समोरच्या काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसत राहतं, आणि स्टिअरिंगला, पेडलला लावणाऱ्या महाभागांना काय म्हणावं? तिथे ओलसर फडका पुरतो.

काचांवर फिल्म असेल तर अमोनियावाला क्लिनर नको. मागच्या काचेवर आतून तारांच्या रेघा असतात, फडका त्या रेघांच्या दिशेने आडवा फिरवा, ब्लेडने तर काही खरवडू नका. स्क्रीनवर थेट स्प्रे नाही.

सीट धुण्याची हौस आवरा. आधी व्हॅक्यूम, मग थोडाच फेस, मग लगेच शोषून घेणं. सीट चिंब केलीत तर वरून वाळते, आतला फोम ओला राहतो, आणि मग कुबट वास येतो म्हणून लोक अत्तराची बाटली लटकवतात. दारं उघडी ठेवून पंखा लावा.

सिरॅमिक कोटिंगवाल्यांसाठी एकच. त्या बाटलीवरचं 9एच हे पेन्सिलच्या कडकपणाचं माप आहे, दगडाच्या नाही, तेव्हा चरे पडतच नाहीत या भ्रमात राहू नका. कोटिंगच्या आधी चरे काढले नसतील तर ते तसेच खाली दिसत राहतात, आणि कोटिंग केलं तरी गाडी धुवावी लागतेच.

सगळं झालं की लोक गाडी लगेच कव्हर घालून हँडब्रेक ओढून ठेवून देतात. तसं करू नका. ओल्या ब्रेक डिस्कवर काही तासांतच तांबूस गंज धरतो, आणि ओले पॅड दाबून गाडी बरेच दिवस उभी राहिली तर ते चिकटूही शकतात. एक छोटी चक्कर मारा, सावकाश दोन चार वेळा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क वाळतात. त्या चक्करमध्येच आरशांच्या खाचांतून आणि दारांच्या बीडिंगमधून लपलेलं पाणी बाहेर येतं, ते टॉवेलने टिपून घ्या आणि मग घाला कव्हर.